रात्रीच्या फ्रेम लेयरवर रचताना या चुका टाळा

गिम्प या मोफत फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये एकाच दृश्याचे रात्रीचे अनेक फोटो (फ्रेम) लेयर म्हणून एकावर एक रचून बिघडतात तेव्हा दोष बहुतेक वेळा मोडच्या, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो त्याच्या, निवडीत असतो. ताऱ्यांच्या रेघा हव्या असतील तर प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ पिक्सेल टिकला पाहिजे, म्हणून ‘लायटन ओन्ली’. नॉइज (अंधारातल्या फोटोतले दाणे) घालवायचा असेल तर सगळ्या फ्रेमची सरासरी. हे दोन हेतू एकत्र केले की घोटाळा झालाच. लायटन ओन्लीने नॉइज कमी होत नाही, उलट प्रत्येक फ्रेममधला उजळ दाणा वेचून वर येतो आणि काळं आकाश राखाडी पडत जातं.

सरासरी काढताना फसवते ती ओपॅसिटी, म्हणजे लेयर किती टक्के अपारदर्शक आहे ते. चार फ्रेम, म्हणून तळाची १०० आणि वरच्या तिन्ही २५ टक्क्यांवर ठेवल्या, तर तळाच्या एकट्या फ्रेमला सुमारे ४२ टक्के वाटा मिळतो. ही सरासरी नव्हे. खालून वर १००, ५०, ३३.३, २५ असं उतरत जायचं, पाचवी २०. चार फ्रेमच्या खऱ्या सरासरीत नॉइज निम्म्यावर येतो, १६ फ्रेममध्ये पावपट होतो. फाइल ८ बिटमध्ये असेल तर आकाशात पट्टे दिसू लागतात. गिम्प २.१० पासून प्रिसिजन (रंगछटा किती बारकाईने साठवायच्या ते) १६ किंवा ३२ बिट करता येतं. ते रचायच्या आधी करा, नंतर करून उपयोग नाही.

तारे मात्र एका जागी थांबत नाहीत. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे ३० सेकंदांत तारा चंद्रबिंबाच्या पाव रुंदीइतका सरकू शकतो. न जुळवता सरासरी काढली तर तारे पुसट होतात. तारे जुळवले तर डोंगर नि झाडं दुहेरी दिसतात. त्यामुळे एक सरासरी आकाशासाठी जुळवून, दुसरी जमिनीसाठी न जुळवता काढायची आणि मास्कने, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या थराने, सांधायची. हाताने जुळवताना वरचा लेयर ‘डिफरन्स’ मोडवर ठेवा, तारे नीट बसले की जागा काळी होते. पण वाइड लेन्सचे कोपरे असे बसता बसत नाहीत, तिथे सिरिल किंवा सिक्वेटरसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरलेलं बरं.

मास्कवर पांढरं दाखवतं, काळं लपवतं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी ब्रश मास्कऐवजी थेट फोटोवर फिरतोच! रंगवण्याआधी लेयर पॅनेलमध्ये मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा. डोंगराच्या कडेला मास्क दोन-तीन पिक्सेल मऊ करा. जास्त केलात तर कडेभोवती उजळ वलय येतं. रेघांचे शंभर लेयर असतील तर शंभर मास्क नकोत, सगळे एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुपलाच मास्क लावा.

एखाद्या फ्रेममध्ये विमान घुसलं असेल तर लायटन ओन्लीत ते काढणं सोपं आहे: त्याच लेयरवर विमानाच्या रेषेवर बारीक काळा ब्रश फिरवा. काळं कधीच वर येत नाही, शेजारच्या फ्रेम ती जागा भरतात. जाड ब्रश घेतलात तर तिथल्या ताऱ्यांची रेघही तुटेल.

रेघा ठिपक्याठिपक्यांच्या आल्या तर चूक कॅमेऱ्यात आहे. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असलं की ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो. ते बंद ठेवा आणि शेवटी लेन्सवर टोपी लावून त्याच आयएसओ-शटरवर एक डार्क फ्रेम, म्हणजे फक्त कॅमेऱ्याचा नॉइज टिपणारा काळा फोटो, घ्या. ती प्रत्येक फ्रेममधून ‘सबट्रॅक्ट’ मोडने वजा करता येते. फोटो आधीच निघाले असतील तर स्टारस्टॅक्स या ताऱ्यांच्या रेघा रचणाऱ्या सॉफ्टवेअरचा गॅप फिलिंग मोड बारीक फटी बऱ्यापैकी बुजवतो.

गिम्प मध्येच अडकत असेल तर हिशेब साधा आहे: २४ मेगापिक्सेलचा १६ बिटचा एक लेयर साधारण १९० एमबी खातो, शंभर लेयर म्हणजे १९ जीबी. लायटन ओन्लीचे लेयर वाटेल त्या क्रमाने दहा-दहा करून मर्ज करा, निकाल बदलत नाही. सरासरीच्या लेयरना ही मुभा नाही. ते तळापासून एकेक करूनच मर्ज करायचे.