डिझाइन सुचत नसेल तर पैठणीचा पदर उघडा

कार्ड, रांगोळी, लोगो काहीही करायचं असेल आणि डोकं चालत नसेल तर आधी पिंटरेस्ट बंद करा आणि घरातली पैठणी काढा, नसेल तर पैठणला चक्कर मारा, तिथं मागावर कारागीर बसलेले दिसतात आणि ते बघणं म्हणजे डिझाइनची शाळाच आहे. उभे आडवे धागे मोजून नक्षी भरतात, म्हणून मुनियाच्या, म्हणजे पैठणीवरच्या छोट्या पोपटाच्या, चोचीचा गोलावा नीट बघितला की बारीक बारीक पायऱ्याच दिसतात. हातमागाच्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, खरंच कमाल काम आहे.

आता ग्राफ पेपर घ्या, २४ बाय २४ चौकोन आखा आणि त्यात एकच मुनिया किंवा कमळ बसवा. पेन्सिलनं चौकोन पूर्ण भरायचा नाहीतर कोरा सोडायचा, अर्धा भरायचा नाही. कमळाची अर्धीच बाजू काढा, कागद दुमडून दुसरी छापून घ्या. मग फोटो काढून मोबाईलवर अगदी छोटा करून बघा, ओळखू आलं तर काठाला, लेटरहेडला बिनधास्त वापरा, नाही आलं तर रेषा कमी करा. रंग दोनच ठेवा.