म्हातारी कोंबडी आजारी पडली तर

गुंजी आमच्या खळ्यात सात वर्षं वावरली. तांबूस रंगाची, मानेवर काळी झाक असलेली गावठी कोंबडी. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरात तिच्याआधी पुष्कळ कोंबड्या होऊन गेल्या, पण म्हातारी होईपर्यंत राहिलेली ही पहिलीच. दोन-तीन वर्षांनी कोंबडीची अंडी कमी होतात आणि बहुतेक घरांत तिचं आयुष्य तिथंच संपतं. नीट सांभाळली तर ती सहा-आठ वर्षं सहज जगते. गुंजीने माझ्यासमोर दोनदा खुडूक बसून पिल्लं काढली होती. तिच्यावर सुरी चालवायला माझा हात धजला नाही. मग तिच्या म्हातारपणाची जबाबदारी माझ्यावरच आली, आणि त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

कोंबडी आजार लपवते, हे पहिलं ध्यानात ठेवा. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते. ऐन आषाढात एका सकाळी गुंजी पडवीच्या कोपऱ्यात पिसं फुलवून उभी दिसली. दाणा टाकला तर आली, चोच खाली नेली, पण तोंडात एकही दाणा घेतला नाही. तिला उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तेव्हा वजन अकराशे पन्नास ग्रॅम भरलं. एरवी ती दीड किलोच्या वर असायची. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं. एवढं वजन काही एका दिवसात उतरत नाही. ती कितीतरी दिवस आजारी होती आणि मला कळलं नव्हतं.

पिसं फुलवून, डोळे मिटून उभी असलेली कोंबडी दिसली की औषध शोधण्याआधी तिला ऊब द्या. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण 41 अंश. आजारी असताना तेवढी ऊब टिकवण्यातच तिची शक्ती संपते. मी पुठ्ठ्याचा मोठा खोका घेतला, तळाला वर्तमानपत्र आणि त्यावर जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. पेंढा मुद्दाम टाळला, कारण पावसाळ्यात आमच्याकडच्या पेंढ्याला बुरशी येते आणि ती कोंबडीच्या फुप्फुसांत जाते. खोक्याच्या एका बाजूला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. बल्ब कापडापासून आणि पुठ्ठ्यापासून लांब, पक्का बांधलेला हवा. तो एकाच बाजूला ठेवायचा म्हणजे गरम झालं तर तिला दुसरीकडे सरकता येतं. ती चोच उघडी टाकून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली आहे. वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची.

खोका बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळा हवा, पण त्यांचा आवाज तिला ऐकू येईल इतका जवळ. दाणापाणी आधी धडधाकट कोंबड्यांना आणि मग आजारी कोंबडीला द्यायचं. तिच्याकडून आल्यावर हात साबणाने धुवायचे आणि चप्पल बदलायची.

आता पाणी. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथे माझ्या हातून एक कोंबडी गेली आहे. गुंजीच्या आधी एक काळी कोंबडी होती. तिला ग्लानी आली तेव्हा घाबरून मी तिची चोच उघडली आणि चमचाभर पाणी आत ओतलं. दोन आचके दिले आणि ती माझ्या मांडीवरच गेली. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, आणि ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसांत उतरतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून पाणी ओतायचं नाही. आधी वाटीत फक्त चोचीचं टोक बुडवून बघा, बऱ्याचदा ती आपण होऊन पिते. नाही प्यायली तर सुईविना सिरिंज घ्या आणि चोचीच्या कडेला एक थेंब लावा. तो तिने गिळला की दुसरा. अगदीच मान टाकली असेल आणि गिळतच नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तिला ऊब द्या आणि डॉक्टर गाठा.

धडधाकट कोंबडी दिवसाला पावशेर-पाऊण पावशेर पाणी पिते. आजारात पहिले एक-दोन दिवस मी ओआरएस देते, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून. दुसऱ्या दिवशी उरलेलं टाकून द्यायचं. शेजारी साधं पाणीही असू द्यावं.

पाणी पोटात टिकलं की मग खाणं. सासूबाईंनी उकड्या तांदळाची पेज करून दिली, मीठ न घालता. पेज तिने आवडीने खाल्ली, पण नुसत्या पेजेवर मांस भरत नाही. उकडलेलं अंडं कुस्करून द्या. कोंबडीला अंडं दिलं तर ती खुराड्यातली अंडी फोडू लागेल, अशी भीती पुष्कळांना असते. उकडून कुस्करलेल्या अंड्याने ती सवय लागलेली मी तरी पाहिलेली नाही. वाळवी मिळाली तर फारच उत्तम. खारवलेली सुकट मात्र नको.

ऊब आणि पाणी मिळून काही तास झाले की तिला तपासायचं. रात्रीची वेळ बरी, अंधारात कोंबडी शांत असते. टॉवेलात गुंडाळून काखेत धरा, पण छाती दाबू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच तिला श्वास घेता येतो, घट्ट आवळली तर ती गुदमरते.

गळ्याखाली, जरा उजवीकडे, दाण्याची पिशवी असते. ती रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. गुंजीची पिशवी सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट होती. पावसात उगवलेलं लांब गवत तिने गिळलं होतं आणि ते आत गोळा होऊन बसलं होतं. डॉक्टरांनी दिवसभर दाणा बंद ठेवून फक्त पाणी द्यायला सांगितलं, आणि चार-पाच वेळा पिशवी बोटांनी हलकेच मळायला. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी मोकळी लागली तेव्हा मला खरोखर रडू आलं. पिशवी मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी लागत असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल, तर आत आंबलं आहे. अशी कोंबडी उलटी धरून पाणी काढणारे लोक असतात. ते पाणी श्वासनलिकेत गेलं तर तिथेच जीव जातो. तुम्ही करू नका, दवाखान्यात न्या.

शिट रोज बघायची, त्यासाठीच तळाला वर्तमानपत्र. पांढऱ्या टोपीची घट्ट शिट चांगली. मधूनच तपकिरी, चिकट, घाण वासाची पडते, तीही ठीकच. हिरवीगार पातळ पडत असेल तर बहुधा पोटात अन्न नाही. रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

तुरा फिकट पडला तर शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा. पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गाठी म्हणजे उवांची अंडी. त्यासाठी कोरडी राख आणि माती मिसळून घमेल्यात ठेवावी, ती लोळून घेते. आजारी कोंबडीला लोळायचं त्राण नसतं, तिच्या पिसांत राख हाताने, नाकाडोळ्यांना चुकवून चोळा. गुरांच्या गोचिडीचं औषध अंदाजाने तिला लावू नका. अंडी बंद झालेल्या म्हातारीचा तुरा आपोआपही आकसतो आणि फिकटतो, हेही लक्षात असू द्या. निळा-जांभळा पडला तर मात्र थांबू नका.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. उरलेली अँटिबायोटिक्स तर मुळीच नको. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा 1962 वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. जाताना वजन, शिटेचा रंग आणि किती दिवस झाले हे कागदावर लिहून न्या. मी पहिल्यांदा एका दवाखान्यात गेले तेव्हा कोंबडीसाठी एवढ्या लांब आलात, असं हसून मला परत पाठवलं. दुसरीकडे कागद पुढे केला आणि डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतली.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. दोन दिवसांत एकामागोमाग तीन-चार कोंबड्या मेल्या, तोंडं सुजली, तुरे काळे-निळे पडले, तर हे म्हातारपण नव्हे, बर्ड फ्लूसारखी साथ असू शकते. 2006 साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तो देशातला पहिला. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, कापू नका, दवाखान्याला कळवा.

बरी झालेली कोंबडी एकदम कळपात सोडली तर बाकीच्या तिला परकी समजून टोचतात. गुंजीला मी दोन दिवस डालग्याखाली त्यांच्यामध्ये ठेवली आणि तिसऱ्या संध्याकाळी, काळोख पडताना, खुराड्यात नेऊन बसवली. तिची बसायची काठी वीतभर उंचीवर आणली. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, बराच असतो, अंडी न देणाऱ्या म्हातारीच्या मूत्रपिंडांना तो सोसत नाही. तिला वाढत्या कोंबड्यांचं खाद्य द्यायचं, आणि तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कवचांचा चुरा बाकीच्यांसाठी वेगळ्या करवंटीत ठेवायचा.

तिला आणखी दीड वर्ष मिळालं. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात ती पाय फाकवून चालू लागली आणि पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं लागलं. म्हाताऱ्या कोंबड्यांत असं होतं. अंड्याचा बलक पोटात पडून सडतो, यकृत किंवा हृदय थकतं, अंडाशयाचा कर्करोग होतो. तो कोंबड्यांमध्ये इतका आढळतो की बायकांच्या त्या आजाराचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ कोंबड्यांचा उपयोग करतात. डॉक्टरांनी सुईने पेलाभर पाणी काढलं. हे घरी करायचं काम नव्हे. ती मोकळा श्वास घेऊ लागली, खळ्यात उन्हाला बसली. तीन आठवड्यांत पोट पुन्हा भरलं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "म्हातारी कोंबडी ती, काय एवढा करतंस तिच्यासाठी?" मी उत्तर दिलं नाही, पण त्या प्रश्नाचा विचार केला. मी तीन गोष्टी रोज बघत होते: आपण होऊन खाते का, उन्हात जाऊन बसते का, चोच मिटून श्वास घेते का. तिन्ही थांबल्या त्या दिवशी मी डॉक्टरांना तिला सोडवायला सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, ती माझ्या हातातच होती. असं करायला मी आणखी दोन दिवस थांबले असते तर ते माझ्यासाठी असतं, तिच्यासाठी नव्हे.

औषध दिलेली कोंबडी खायची नाही आणि उकिरड्यावरही टाकायची नाही. विहिरीपासून लांब, माडाच्या पलीकडे तीन फूट खड्डा काढला, वर चुना टाकला, कुत्रे-कोल्हे उकरतील म्हणून चिरे ठेवले.

आता खुराड्यात पाच वर्षांच्या दोघी आहेत. दर रविवारी रात्री बॅटरी घेऊन त्यांना उचलते, छातीचं हाड चाचपते, काट्यावर ठेवते आणि वजन कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. या रविवारी पांढरीचं ऐंशी ग्रॅम कमी भरलं. उद्या सकाळी तिची पिशवी रिकामी आहे का ते आधी बघायचं आहे.