देगू-पोहांगला नव्याने आलात? ग्यॉन्गबुकची गावं परतीच्या बसपासून आखा

पोहांग, ग्यॉन्गसान, देगू, गूमी इथे शिकायला, पोस्टडॉकला किंवा कंपनीच्या कामासाठी आलेली आपली मंडळी सुट्टी मिळाली की आधी सोल नाहीतर बुसान गाठतात. ते चुकीचं नाही, पण तुमच्या भोवतीचा ग्यॉन्गसांगबुक प्रांत (सगळे त्याला ग्यॉन्गबुक म्हणतात) हाच जुन्या कोरियाचा गाभा आहे. सिल्ला राज्याची राजधानी जवळपास हजार वर्षं ग्यॉन्गजूत होती. युनेस्कोने २०१९ मध्ये यादीत घेतलेल्या नऊ सॉवॉनपैकी, म्हणजे कन्फ्यूशियन परंपरेच्या जुन्या विद्यापीठांपैकी, पाच ग्यॉन्गबुक आणि देगूत आहेत. हे सगळं शनिवार-रविवारात पाहता येतं, मात्र सोलच्या मेट्रोची सवय ठेवून निघालात तर पहिल्याच गावात अडकाल.

इथला मुख्य नियम असा: आधी परतीची शेवटची बस शोधायची आणि मग दिवस उलटा आखत यायचा. शहरापासून शहरापर्यंत बस आणि रेल्वे उत्तम आहेत. गोची होते ती शहरातून गावात जाणाऱ्या शेवटच्या वीस-तीस किलोमीटरवर. तिथे दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि संध्याकाळी सहा-साडेसहानंतर थांब्यावर चिटपाखरूही नसतं. एकाच क्रमांकाची बस कधी मूळ मार्गाने जाते, तर कधी फाटा घेऊन पुढच्या गावात शिरते. म्हणून नुसता क्रमांक बघून चढू नका. चढताना ड्रायव्हरला मोबाईलवर कोरियन लिपीत ठिकाणाचं नाव दाखवा, त्याने मान डोलावली की कार्ड टेकवा. उतरल्या उतरल्या समोरच्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

गूगल मॅपवर इथे विसंबू नका, रस्ता दाखवण्यात तो अपुरा पडतो. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. नेव्हर इंग्रजीतही चालतं, पण छोटी देवळं, वाडे आणि गावांतले थांबे इंग्रजी स्पेलिंगने बरेचदा सापडत नाहीत. कोरियन नाव कॉपी करून टाका. अ‍ॅपवरच्या ग्रामीण बसच्या वेळांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण शाळेच्या सुट्ट्यांत आणि सणांना त्या बदलतात. शंका आली तर १३३० या पर्यटन हेल्पलाइनला फोन लावा. ती चोवीस तास चालते, इंग्रजीत बोलता येतं, आणि बसची वेळ तर सांगतातच, वेळ पडली तर टॅक्सीवाल्याशी दुभाषाचं कामही करतात.

टी-मनी हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड या प्रांतातल्या शहरांच्या बसलाही चालतं, मात्र दुकानात ते भरायला रोख पैसे लागतात. खिशात तीस-चाळीस हजार वोन असू द्या, म्हणजे आठवडी बाजारातही अडचण येत नाही. आंतरशहर बसचं तिकीट अ‍ॅपवर काढताना भारतीय कार्ड अनेकदा नाकारलं जातं. रेसिडेन्स कार्ड (पूर्वीचं एलियन रजिस्ट्रेशन कार्ड) हातात येऊन इथलं बँक खातं उघडेपर्यंत टर्मिनलच्या खिडकीवरच तिकीट काढलेलं बरं. खिडकीवर नाव सांगताना जपा. ग्यॉन्गजू म्हणताना उच्चार जरा घसरला की समोरचा ग्वांगजू ऐकतो, आणि ते शहर देशाच्या पार नैऋत्येला आहे. यॉन्गजू, यॉन्गचॉन, यॉन्गयांग, यॉन्गदॉक ही चारही गावं याच प्रांतातली, तेव्हा तोंडी सांगण्यापेक्षा स्क्रीन दाखवा.

देगूत टर्मिनल एकच नाही. ग्यॉन्गजू आणि पोहांगसाठी दोंगदेगू. आन्दोंग आणि यॉन्गजूकडे जाणाऱ्या बऱ्याच बस उत्तरेकडच्या बुकबू स्थानकावरून सुटतात. गोर्यॉन्गला, म्हणजे २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या गाया राज्याच्या टेकडीवरच्या थडग्यांकडे जायचं तर पश्चिमेचं सॉबू गाठायचं. तिकीट काढण्याआधी टर्मिनल तपासा, नाहीतर मेट्रोत तास मोडतो.

ग्यॉन्गजू

सुरुवात इथून करा, कारण चुका पचवायला हे शहर सर्वांत सोपं आहे. केटीएक्स ही वेगवान रेल्वे दोंगदेगूहून वीस मिनिटांच्या आत पोचवते, पण ते स्टेशन शहराबाहेर आहे, पुढे पुन्हा बस घ्यावी लागते. जुनं, गावातलं स्टेशन २०२१ च्या अखेरीस बंद झालं आणि बाहेरच्या सिनग्यॉन्गजूलाच २०२३ मध्ये ‘ग्यॉन्गजू’ हे नाव मिळालं. जुने ब्लॉग वाचून येणारे इथेच फसतात. देगूहून येणाऱ्यांना आंतरशहर बस जास्त सोयीची. तासाभरात गावातच उतरवते आणि तिथून राजांच्या थडग्यांचे मातीचे डोंगर चालत गाठता येतात.

हे डोंगर म्हणजे देरुंगवॉन. आवारात प्रवेश मोफत आहे, फक्त १९७३ मध्ये उत्खनन झालेल्या चॉनमाचोंगच्या आत जायला तिकीट लागतं, आणि ते काढाच. थडग्याचा कापलेला छेद आतून दिसतो: लाकडी दालन, त्यावर गोट्यांचा ढीग, त्यावर माती. दार किंवा भुयार ठेवलेलंच नव्हतं, म्हणून चोरांना आत शिरणं जमलं नाही आणि सोन्याचा मुकुट जागच्या जागी सापडला. चॉमसॉन्गदे ही सातव्या शतकातली वेधशाळा जवळच आहे. उंची जेमतेम नऊ मीटर, त्यामुळे पहिल्यांदा पाहणारे ‘एवढंच?’ म्हणतात. वोल्जी तळं मात्र रात्रीसाठी राखा. दिवे लागल्यावर पाण्यात पडणारं मंडपांचं प्रतिबिंब हेच तिथलं आकर्षण, दुपारी ते साधं तळं आहे. शनिवारी अंधार पडताना रांग लागते, रविवारी रात्री ती बरीच ओसरते. राष्ट्रीय संग्रहालयातली राजा सॉन्गदॉकची घंटा चुकवू नका. इ. स. ७७१ मधली, वजन सुमारे १९ टन.

बुलगुक्सा देऊळ आणि सॉकगुराम गुंफा एकाच दिवशी करा, पण आधी वर सॉकगुराम आणि मग खाली बुलगुक्सा. सॉकगुरामच्या दगडी गुंफेतला बुद्ध काचेआडूनच पाहावा लागतो, फोटो काढू देत नाहीत, आणि सहलीच्या बस आल्यावर काचेपुढे क्षणभरच उभं राहता येतं. सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतं. वरून बुलगुक्साला उतरणारी रानवाट सव्वादोन किलोमीटरची आहे. दोन्हीकडचं प्रवेशशुल्क मे २०२३ पासून बंद झालंय. बुलगुक्साच्या अंगणातला दाबोताप स्तूप दहा वोनच्या नाण्यावर आहे. नाणं जवळ असेल तर शेजारी धरून बघा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर यांगदोंग. सोन आणि यी या दोन घराण्यांचं हे गाव आजही नांदतं आहे. वर टेकडीवर उमरावांची कौलारू घरं, खाली गवती छपरं. गावात शिरणाऱ्या बस थोड्या. बाकीच्या मुख्य रस्त्यावर सोडतात आणि तिथून चालावं लागतं. ह्वांगनिदान-गिल या कॅफेंच्या गल्लीबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या मते शनिवारी दुपारी ती टाळावी.

आन्दोंग

इथे नवखे हमखास एक घोळ करतात: हाहवे हे जुनं गाव आणि दोसान सॉवॉन एकाच दिवसात बसवतात. हाहवे शहराच्या पश्चिमेला, दोसान उत्तरेला, आणि बस दोन्हीसाठी मधल्या शहरातूनच. स्वतःची गाडी नसेल तर एका दिवशी एकच दिशा धरा. रेल्वे स्टेशन आणि बस टर्मिनल हल्ली शेजारी-शेजारी आहेत, पण दोन्ही गावाबाहेर. मुक्काम जुन्या बाजाराजवळ केलात तर जेवणाची सोय पायाखाली.

हाहवेला सकाळची बस धरा. तिकीटखिडकी गावापासून किलोमीटरभर अलीकडे आहे, तिथून शटल मिळते. मुखवट्यांचं नृत्य या खिडकीजवळच्या रंगमंचावर दुपारी दोनच्या सुमारास होतं. सोमवारी नसतं, हिवाळ्यात फक्त शनिवार-रविवारी. म्हणून आधी गाव, मग नृत्य. एकही शब्द कळला नाही तरी उमराव आणि भिक्षूची टर उडवलेली कळते, तमाशातला सोंगाड्या पाहिलेल्यांना तर लगेच. गावाला नाकदोंग नदीचा वेढा आहे. गाव म्हणजे पाण्यावरची नाव, दगडाच्या भिंती घातल्या तर ती बुडेल, असं मानत आल्यामुळे कुंपणं मातीची आणि मध्ये कौलांचे तुकडे रचलेली आहेत. घरांत लोक राहतात. दार उघडं दिसलं तरी आत पाऊल टाकू नका, जिथे पाटी आहे तेवढंच अंगण पाहा. समोरच्या ६४ मीटरच्या बुयोंगदे कड्यावरून गावाचा पूर्ण वळसा दिसतो. नदीतली होडी नेहमी सुरू असेलच असं नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बेत आखू नका. पलीकडच्या बाजूने टॅक्सीने गेलात की पायवाटेने दहा मिनिटांत माथा.

एकच जागा निवडायची झाली तर आम्ही हाहवेपेक्षा ब्यॉन्गसान सॉवॉनकडे बोट दाखवू. हाहवेहून डोंगराच्या कुशीतून सुमारे चार किलोमीटरची पायवाट आहे, सव्वा ते दीड तास लागतो. वाटेत पाणी मिळत नाही, बाटली भरून निघा. मुख्य दालनाच्या पायऱ्यांवर बसलं की समोरच्या मांदेरू मंडपाच्या खांबांमधून नदी आणि कडा सात चौकटींत वाटलेला दिसतो. मंडपावर चढायला मनाई असते, पण खरी नजर खालूनच बसते. ऑगस्टमध्ये आवारातली बेरोंगची झाडं गुलाबी फुलतात. इथून परतीच्या बस दिवसाला अगदी थोड्या, तेव्हा चालायला सुरुवात करण्याआधीच वेळ पक्की करा.

दोसान हजार वोनच्या नोटेवरच्या यी ह्वांग (थ्वेग्ये) या कन्फ्यूशियन विद्वानाचं. निवांत आहे, पण ब्यॉन्गसाननंतर गेलात तर थोडं फिकं वाटेल. बोंगजॉन्गसा देवळातलं गुंगनाकजॉन दालन मात्र लाकडी बांधकामाची आवड असेल तर बघाच. कोरियात आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत ते सर्वांत जुनं मानलं जातं, आणि १३६३ मध्ये त्याची डागडुजी झाल्याची नोंद छपरात सापडली.

यॉन्गजू आणि आसपास

बुसॉकसा हे आमच्या यादीत वरचं. ६७६ मध्ये उयसांग या भिक्षूने स्थापलेलं देऊळ, सोबेक डोंगरांच्या उतारावर, सफरचंदांच्या बागांच्या वर. बसथांब्यापासून चढ आहे, बूट चांगले हवेत. मुर्यांगसुजॉन या मुख्य दालनाचे खांब हाताच्या अंतरावरून न्याहाळा: मधल्या भागात किंचित फुगलेले, वर-खाली निमुळते, आणि रंग नसल्याने लाकडाच्या भेगा स्पष्ट. आत जाताना बाजूच्या दाराने जा, मधलं दार भिक्षूंसाठी असतं. दालनाचं तोंड दक्षिणेला, मूर्ती मात्र पश्चिमेच्या टोकाला बसून पूर्वेकडे पाहते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला गिंकोची वाट पिवळीधमक होते आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा शक्यतो आडवारी जा. याच बाजूला सोसू सॉवॉन आहे, १५४३ मधलं, कोरियातलं पहिलं. पुंगी स्टेशनवर उतरून दोन्ही एका दिवसात बसतात.

चॉन्गसोंगला जुवांगसान डोंगराच्या घळीतली वाट सपाट आहे, वडीलधारे सोबत असले तरी जमते. या काउंटीतल्या बस २०२३ पासून सगळ्यांना फुकट आहेत, परदेशी पाहुण्यांनासुद्धा. जुसानजी तळ्यात पाण्यातून उगवलेल्या वाळुंजांसाठी लोक पहाटे जातात, पण पहाटे बस नसते. आदल्या रात्री तिथे मुक्काम करा नाहीतर गाडी घ्या. मुनग्यॉन्गच्या सेजे खिंडीत तीन दरवाजांमधली साडेसहा किलोमीटरची मातीची वाट आहे, वाहनं बंद, अनवाणी चालणारेही बरेच दिसतात. यॉन्गदॉकचा किनारा आता सोपा झालाय: जानेवारी २०२५ पासून पोहांगहून उत्तरेकडे सामचॉकपर्यंत रेल्वे सुरू आहे.

गाडी भाड्याने घ्यायची तर भारतातून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तिन्ही लागतात, आणि वर्षभरानंतर इथलं लायसन्स काढावं लागतं. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची. शाळांपुढे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असते आणि कॅमेरे सोडत नाहीत. गावांत टॅक्सीचं अ‍ॅप उघडून उपयोग होत नाही, गाड्याच नसतात. जेवलात त्या खानावळीतल्या आजींना सांगा, त्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला फोन करतात.

जेवणाचं म्हणाल तर आन्दोंगचं जिमदाक पूर्ण कोंबडीचं येतं, दोघा-तिघांत मागवा. एकट्याला बरेच पदार्थ नाकारतात, कारण दोन माणसांचं किमान माप असतं. दुपारी तीन ते पाच अनेक स्वयंपाकघरं बंद. मासेखाऊंनी आन्दोंगचा खारवलेला गोदुंगऑ खावा, आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊच. समुद्र दूर, यॉन्गदॉकहून मासा आणताना वाटेतच नासायला लागायचा, म्हणून मीठ चोळण्याची रीत पडली. शाकाहाऱ्यांनी ‘गोगी प्पेगो जुसेयो’ (मांस काढून द्या) एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. मांस निघतं, पण रस्सा वाळक्या माशांचा आणि किमचीत खारवलेली कोळंबी असते. देवळांच्या पायथ्याशी सानचे बिबिंबाप, म्हणजे रानभाज्या घातलेला भात, मिळतं, त्यात अंडं नको म्हणून वेगळं सांगा. सर्वांत खात्रीचं जेवण टेंपल स्टेमध्ये, म्हणजे देवळातल्या मुक्कामात: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं, बटाटा-मुळा तिथे सर्रास असतो. पहाटेची प्रार्थना चारच्या आसपास असते आणि रात्री नऊला दिवे मालवतात.

फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत वणव्याच्या भीतीने अनेक डोंगरवाटा बंद ठेवतात. मार्च २०२५ च्या वणव्यात उयसॉन्गचं गोउन्सा देऊळ बरंचसं जळालं, आन्दोंग, चॉन्गसोंग आणि यॉन्गदॉकलाही झळ बसली, तेव्हापासून तपासणी कडक आहे. लायटर, स्टोव्ह घेऊन वाटेला लागू नका. जाण्याआधी वाट उघडी आहे का, हे १३३० ला विचारून घ्या. सोलाल (चांद्र नववर्ष) आणि चुसॉक (सुगीचा सण) यांच्या आठवड्यात रेल्वेची तिकिटं वेगळ्या आरक्षणात आधीच संपतात, बाजार आणि खानावळी बंद असतात. त्या दिवसांत गावांकडे जाऊच नका.