डाळ मिलच्या मोटरच्या थरथरीतून वीज कशी काढायची

आधीच सांगून ठेवतो भो, याच्यावर बल्ब लागणार नाही आणि मोबाईल चार्जिंगचं तर नावच काढू नका. पिझो फिल्मच्या, म्हणजे वाकवली-ताणली की वीज देणाऱ्या फिल्मच्या, एका पट्टीतून मिळते ती मायक्रोवॅटमधली वीज. पण जळगावच्या डाळ मिलमध्ये नाहीतर जिनिंगमध्ये मोटर दिवसभर थरथरतच असते ना, मग तेवढ्यावर एखादा छोटा सेन्सर अधूनमधून रीडिंग पाठवू शकतो, सेल बदलायची कटकट नाही.

फिल्म घ्यायची पीव्हीडीएफची. तसं हे प्लास्टिकच, पण ताणून जबरदस्त इलेक्ट्रिक फील्ड दिलं की त्यात पिझो गुण येतो हे १९६९ मध्ये जपानच्या कावाईंनी दाखवलं. सिरॅमिकच्या चकतीपेक्षा चार्ज बराच कमी देते, मात्र वाकवली तरी तडकत नाही. वायर जोडायचे पाय आधीच लावलेलीच घ्या, कारण फिल्मवर डायरेक्ट सोल्डर लावलं की ती गेलीच समजा, ८० डिग्रीच्या पुढे गुण उतरायला लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये काय भट्टी असते माहितीच आहे, त्यात मोटरची बॉडी अजून तापते, म्हणून पट्टी बॉडीवर नाही तर खालच्या लोखंडी चॅनलवर बसवायची.

आता खरं काम. मोटर बंद करा, बेल्टपासून लांब चॅनलला हॅक्सॉ ब्लेडचं एक टोक क्लॅम्पने घट्ट आवळा, १२-१३ सेंटीमीटर बाहेर राहू द्या. फिल्म क्लॅम्पच्या अगदी जवळ, लांबी ब्लेडच्या लांबीत ठेवून, पातळ फेविक्विकने चिकटवा, मधे सेलोटेपचा एक थर, नाहीतर शॉर्ट होईल. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, टोकाकडे चिकटवली तर हाती काही नाही. मोकळ्या टोकाला छोटा मॅग्नेट लावा. चार पोलची मोटर साधारण १४४० आरपीएमवर फिरते म्हणजे २४ हर्ट्झ, ब्लेडची स्वतःची फ्रिक्वेन्सी त्यालाच जुळायला पाहिजे. मॅग्नेट बाहेर सरकवला की फ्रिक्वेन्सी उतरते, आत घेतला की चढते. ब्लेड सगळ्यात जोरात हलतं ती जागा सापडली की टेपने पक्का करा. हे ट्यूनिंग मोटर चालू करून, मिल भरलेली असतानाच करायचं, कारण रिकामी मोटर जरा जास्त पळते आणि एवढ्याशा फरकानेही आउटपुट धाडकन पडतं. ट्यूनिंगला कंटाळलात तर बाकी सर्किट कितीही भारी करा, उपयोग नाही.

पुढे उलटसुलट येणारी वीज एका दिशेला वळवायला चार डायोडचा ब्रिज, आणि ती साठवायला कपॅसिटर. डायोड कमी लीकेजवाले, म्हणजे वीज झिरपू न देणारे बघा. कपॅसिटर स्वस्तातला इलेक्ट्रोलिटिक नको, उन्हाळ्यात त्याचं लीकेज वाढतं आणि आलेली वीज तोच गिळतो, सिरॅमिक घ्या. ४७ मायक्रोफॅरड ५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात ५८७ मायक्रोज्यूल साठतात, २ मायक्रोवॅट मिळत असतील तर भरायला पाचेक मिनिटं. ब्रिज जोडत बसायचं नसेल तर एलटीसी३५८८ नावाची आयसी येते, ब्रिज आणि रेग्युलेटर दोन्ही तिच्यातच.

आणि मल्टीमीटर कायम लावून ठेवू नका. १० मेगाओहमचा मीटर ३ व्होल्टला जवळपास १ मायक्रोवॅट स्वतःच खातो, मग लोक म्हणतात फिल्म खराब निघाली. दोन सेकंद टेकवा, आकडा बघा, काढा.