चिकोडी-निपाणीकडून खिद्रापूरचा कोपेश्वर पाहायला जाताना

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातील अनेक मराठी घरांत नरसोबाच्या वाडीची पौर्णिमेची वारी चुकत नाही. परंतु वाडीपासून जवळच, कृष्णेच्या काठी असलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराकडे गाडी क्वचितच वळते आणि वळली तरी अर्ध्या तासात दर्शन उरकून परत फिरते. हे मंदिर उरकण्याजोगे नाही. निदान अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत आणि शक्य असेल तर त्याच दिवशी वीरभद्राचे यडूरही करावे, कारण या क्षेत्राची कथा दोन्ही ठिकाणे मिळून पूर्ण होते.

खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात असले, तरी ते कर्नाटकच्या सीमेला अगदी लागून आहे. स्वतःचे वाहन असल्यास चिकोडीहून एकसंबा गाठून, दूधगंगा ओलांडून दानवाडमार्गे जाता येते. बेळगावहून निघणाऱ्यांनी रेल्वेने मिरज गाठावे आणि तेथून कुरुंदवाडमार्गे पुढे जावे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदीचा अंदाज घेतल्याशिवाय घर सोडू नये. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाल्याची, म्हणजे पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडल्याची, बातमी कानी आली, की कृष्णा चढली आहे असे समजावे आणि बेत पुढे ढकलावा. 2005 आणि 2019 च्या महापुरांत या पट्ट्याची काय अवस्था झाली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. हिवाळ्यातील सकाळ सर्वांत चांगली. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी पायांना दगडी फरशीचे चटके बसतात.

शिवमंदिरात शिरताना आपली नजर सवयीने नंदीला शोधते. येथे तो गाभाऱ्यासमोर नाही. दक्षाच्या यज्ञाला निमंत्रण नसतानाही सती नंदीवर बसून माहेरी गेली, तेथे अपमान होऊन तिने देहत्याग केला आणि महादेव कोपले, अशी कथा आहे. त्या कोपलेल्या शिवाची समजूत विष्णूने घातली, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर विष्णुरूप धोपेश्वराचेही लिंग आहे. दर्शन घेताना दोन्ही लिंगे नीट पाहावीत. गर्दीत अनेकांच्या लक्षात एकच राहते.

मंदिराची रचना स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गाभारा यांमधली जागा) आणि गाभारा अशी आहे. बांधकाम प्रामुख्याने शिलाहार राजांच्या काळातील, बाराव्या शतकातील, मानले जाते. प्रथम दर्शन घ्यावे आणि मग स्वर्गमंडपात निवांत थांबावे. या मंडपाचे छत मध्यभागी मुळातच गोल आणि उघडे आहे. ते पडलेले नाही, हे सोबतच्या मुलांना आवर्जून सांगावे. खाली जमिनीवर एक मोठी गोल शिळा आहे. तिच्याजवळ उभे राहून वर पाहिले, की छताच्या वर्तुळात मावेल एवढेच आकाश दिसते. भोवतीच्या खांबांवर नजर हळूहळू फिरवावी. दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, ओळखायचे असतील, तर चेहऱ्यांपेक्षा वाहने पाहावीत : हत्ती दिसला तर इंद्र, मेंढा असला तर अग्नी, रेडा असला तर यम, मगर असली तर वरुण. मोरावरचा कार्तिकेयही येथेच सापडतो. हा शोध मुलांवर सोपवला, तर ती तास-दीड तास कंटाळत नाहीत.

कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो आणि या गोलातून त्याचा प्रकाश सरळ खाली उतरतो. तो सोहळा जरूर अनुभवावा. परंतु त्या रात्री गर्दी मोठी असते, म्हणून शिल्पे पाहण्यासाठी वेगळा साधा दिवस काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी. पायाच्या थरात ओळीने उभे असलेले हत्ती अवघे मंदिर पाठीवर तोलून धरल्यासारखे दिसतात. प्रत्येकाची झूल आणि अलंकार जवळून पाहिले, तर एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही, हे कळते. काहींची सोंड तुटलेली आहे. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा देवनागरीतील संस्कृत शिलालेख आहे. त्यावरून बोटे फिरवू नयेत. सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरे डोळ्यांनीच बरी लागतात.

मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. मूर्तींना हळद-कुंकू किंवा तेल लावणे, कोनाड्यांत नारळ फोडणे, हत्तींवर मुलांना बसवून फोटो काढणे, या गोष्टी भक्तीच्या भरात घडल्या तरी दगडाचे नुकसान करतात. पूजासाहित्य गाभाऱ्यापुरतेच ठेवावे. शिल्पांसाठी मोबाईलची बॅटरी उपयोगी पडते, परंतु पूजा चालू असताना ती बंद ठेवावी.

गावातच आदिनाथांचे जुने जैन मंदिर आहे. तेथे पंधरा-वीस मिनिटे द्यावीत आणि मग यडूरकडे निघावे. यडूर आपल्याच चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे. दक्षाचा यज्ञ येथेच झाला, अशी परिसरातील श्रद्धा असून, महादेवाच्या क्रोधातून जन्मलेल्या आणि तो यज्ञ उधळणाऱ्या वीरभद्राचे मंदिर येथे आहे. सतीबरोबर आलेला नंदी येथेच राहिला, असे जुनी माणसे सांगतात. खिद्रापूरला ज्याची जागा रिकामी दिसली, त्याला यडूरला हात जोडून मगच घरचा रस्ता धरावा.