‘९५ टक्के समुद्र अज्ञात’ वाला फॉरवर्ड आला की तो कसा तपासायचा

फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तो येतोच. निळा फोटो, खाली ‘९५% समुद्र अजून मानवाला अज्ञात’, आणि त्यावर पाच जणांचे हात जोडलेले इमोजी. आधी मी भांडायचो, आता नाही भांडत. आता फक्त एक प्रश्न टाकतो, बघितलं म्हणजे नेमकं कशाने बघितलं? सॅटेलाइटने, सोनारने (आवाज पाठवून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र), कॅमेऱ्याने की स्वतः माणसाने जाऊन? कारण ह्या चारही गोष्टींचे आकडे इतके वेगळे आहेत की एका टक्केवारीत ते कोंबताच येत नाहीत. तर हे तपासायचं कसं ते सांगतो, लॅपटॉप असेल तर उत्तम, मोबाईलवर जरा डोळे फुटतात.

पहिलं काम, गुगल अर्थ उघडा आणि मुंबईवरून सरळ पश्चिमेला सरका. आधी बराच वेळ उथळ फिकट पट्टा दिसेल, तो कॉन्टिनेंटल शेल्फ, म्हणजे किनाऱ्याला लागून पाण्याखाली गेलेला जमिनीचा उथळ भाग, बॉम्बे हाय ह्याच्यावरच आहे. मग एकदम उतार आणि खाली गडद खोल भाग. कर्सर फिरवला की खाली खोलीचा आकडा दिसतो, मायनसमध्ये. इथेच लोक म्हणतात, अरे सगळा नकाशा तर आहे की! आहे ना, पण आता झूम करा. बराचसा तळ मेणासारखा गुळगुळीत दिसेल आणि मधूनच सरळ रेषेत जाणारे बारीक, खडबडीत पट्टे. ते पट्टे म्हणजे जहाजं जिथून सोनार मारत गेली तो रस्ता, तिथेच खरं मोजमाप झालंय. २००९ मध्ये कॅनरी बेटांजवळ अशाच रेषांची जाळी दिसली आणि लोकांनी अटलांटिस, म्हणजे दंतकथेतलं समुद्रात बुडालेलं राज्य, सापडलं म्हणून धिंगाणा घातला होता, निघाले जहाजांचे रस्ते.

मग बाकीचा गुळगुळीत भाग आला कुठून, तर सॅटेलाइटवरून, आणि ही आयडिया मला फार भारी वाटते. रडार खाऱ्या पाण्यातून खाली जातच नाही, म्हणून सॅटेलाइट तळ बघत नाही, तो फक्त पाण्याची वरची पातळी मोजतो. पाण्याखाली मोठा डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी ओढलं जातं आणि वर एक-दोन मीटरचा उंचवटा तयार होतो, बोटीतून तो आपल्याला कळत पण नाही पण वरून मोजता येतो. त्यावरून खालचा डोंगर ताडायचा. ह्या पद्धतीने जगातला सगळा समुद्रतळ झालाय, पण काही किलोमीटरच्या जाडसर रिझोल्युशनने. म्हणजे सह्याद्री आहे हे कळेल, पण राजगड कुठला आणि तोरणा कुठला ते नाही. २००५ मध्ये अमेरिकेची सॅन फ्रान्सिस्को नावाची अणुपाणबुडी पॅसिफिकमधल्या गुआम बेटाच्या आग्नेयेला भर वेगात एका पाण्याखालच्या डोंगरावर आदळली होती, तिच्याकडच्या नकाशावर तो डोंगर नव्हताच.

आता दुसरी पायरी, गेब्को नावाने सर्च मारा. हा जगभरच्या समुद्रतळाचा फुकट नकाशा आहे आणि त्याच्यासोबत एक वेगळा लेयर मिळतो, त्यात प्रत्येक चौकोनापुढे लिहिलेलं असतं की इथली खोली मोजलेली आहे की अंदाजाने भरलेली. तुम्हाला बघायचाय तो हाच लेयर. ह्याच लोकांचा जपानच्या निप्पॉन फाउंडेशनबरोबर सीबेड २०३० म्हणून प्रोजेक्ट चालू आहे, २०१७ ला सुरू झाला तेव्हा नीट मोजलेला तळ फक्त ६% होता, जून २०२५ मध्ये २७.३% झाला. फॉरवर्डला उत्तर द्यायचं असेल तर हा आकडा द्या. फक्त ‘नीट मोजलेला’ म्हणजे काय ते पण सांगा, खोल पाण्यात ४०० मीटरच्या चौकोनाला एक आकडा, अतिखोल भागात ८०० मीटरला एक. तेवढ्या चौकोनात आख्खा शिवाजी पार्क मावतो, विमान तर आरामात लपेल. एमएच३७० ह्या बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानाच्या वेळी तेच झालं, हिंदी महासागराच्या दक्षिणेत आधी तळाचा धड नकाशा करावा लागला, मग १ लाख २० हजार चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त तळ बारकाईने शोधला. जुन्या बुडालेल्या जहाजांचे अवशेष मिळाले, विमान नाही.

तिसरी पायरी कॅमेऱ्याची, आणि इथे तो ९५ वाला आकडा उलट फारच कमी पडतो. २०२५ मध्ये एक अभ्यास आला, १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार डाइव्हची बेरीज केलेली. २०० मीटरच्या खालचा जो समुद्रतळ आहे (पृथ्वीचा दोन तृतीयांश पृष्ठभाग म्हणजे हाच) त्यातला डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने बघितलेला भाग ०.००१% च्या आसपास, जास्तीत जास्त ३,८०० चौरस किमी. गोवा राज्य ३,७०२ चौरस किमी आहे. म्हणजे सगळ्या माणसांनी मिळून खोल समुद्राचा जेमतेम एक गोवा बघितलाय, आणि तो पण बहुतेक अमेरिका, जपान आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यांजवळचा. आपला समुद्रयान प्रोजेक्ट, ज्यात मत्स्य ६००० नावाची छोटी पाणबुडी तीन जणांना ६,००० मीटर खाली नेणार आहे, तो ह्याच रकान्यातला.

त्याच फॉरवर्डचा जोडीदार म्हणजे ‘चंद्रावर १२ जण गेले, सगळ्यात खोल जागी फक्त ३’. हे जुनं झालं. चॅलेंजर डीपला, म्हणजे ह्याच सगळ्यात खोल जागी, १९६० मध्ये दोघं गेले, २०१२ मध्ये एक, पण २०१९ पासून इतक्या फेऱ्या झाल्या की आता तिथे जाऊन आलेले १२ पेक्षा जास्त आहेत.

जमिनीखाली आपण किती खोल पोचलोय, तो हिशोब एका मिनिटाचा. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक म्हणजे रशियातलं कोला बोअरहोल, १२,२६२ मीटर, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, भागाकार करा, ०.२% पण येत नाही. आपल्याकडे कोयनेला भूकंप समजून घ्यायला मारलेलं ३ किमीचं बोअर तर सालीवर ओरखडा.

अंतराळाचं मात्र टक्क्यात विचारूच नका, एकूण किती तेच माहीत नसताना टक्का काढणार कशाचा? तिथे गोष्टी मोजा. युरेनस आणि नेपच्यूनजवळ आजवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर २, १९८६ आणि १९८९ मध्ये, तेही न थांबता. व्हॉयेजर १ हे १९७७ पासून पळतंय आणि अंतर कापलंय जेमतेम एक प्रकाश-दिवस (प्रकाश एका दिवसात जातो तेवढं अंतर), सगळ्यात जवळचा तारा १,५०० प्रकाश-दिवसांच्या पुढे. गाया टेलिस्कोपने जवळपास २०० कोटी तारे मोजले, ऐकायला प्रचंड, पण आपल्या आकाशगंगेतच किमान १० हजार कोटी असतील. आणि हे बघायला टेलिस्कोप पण नको, ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की शहराबाहेर कुठेतरी अंधारात उभे राहा, संध्याकाळी दक्षिण-नैऋत्येला धनु राशी शोधा. तिथल्या दुधट पट्ट्यात काळे डाग दिसतात ना, ती रिकामी जागा नाही, धूळ आहे, आणि तिच्यामागचं साध्या प्रकाशात दिसत नाही.

हे सगळं करून झालं आणि ग्रुपवर कोणी म्हणालं ‘मग आपण काय करणार’, तर त्यांना आंबोलीचा मासा सांगा. हिरण्यकेशीच्या देवळाजवळ, जिथे लोक वर्षानुवर्षं दर्शनाला येतात, तिथल्या पाण्यातला एक छोटासा रंगीत मासा विज्ञानाला नवीन निघाला, २०२० मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तर मोबाईलवर आयनॅचरलिस्ट हे ॲप टाका, लोकेशन चालू ठेवा, बेडूक, पाल, कोळी जे दिसेल त्याचा वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढा, शेजारी स्केल म्हणून नाणं ठेवा, नाव माहीत नसेल तर तसंच अपलोड करा, लोक सांगतात. पकडून डबीत घालून घरी मात्र आणू नका.