नॉयरमधला स्मृतिभ्रंश: बघताना या चुका टाळा

नॉयर म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले अंधारे, गुन्हेगारीचे हॉलीवूडपट. ते बघतानाचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे नायकाला शेवटी सगळं आठवणारच, असं धरून बसणं. ही सवय आपल्याला हिंदी सिनेमाने लावली. डोक्यावर एक फटका, स्मृती गेली. दुसरा फटका, आली परत.

मीही यात तोंडावर आपटलोय. आमच्या फिल्म क्लबात १९४९ चा 'द क्रुकेड वे' लावला होता. सिनेमा न बघता, कुठलासा सारांश वाचून मी प्रास्ताविक ठोकलं: "शेवटी त्याची स्मृती परत येते, तो प्रसंग चुकवू नका." सिनेमा सुरू होतो न होतो तोच डॉक्टर नायकाला, एडी राइसला, सांगतो की युद्धात उडालेला धातूचा तुकडा मेंदूत रुतलाय, गेलेलं परत येणार नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पुढचा दीड तास मी अंधारात तोंड लपवून बसलो. कॅमेरा गडद सावल्यांसाठी नावाजलेल्या जॉन ऑल्टनचा, त्यामुळे अंधाराला तोटा नव्हता.

आणि सगळी गंमत त्या न परतण्यातच आहे. एडी लॉस एंजेलिसला जातो, तर तिथे पोलिसांना, बायकोला, जुन्या साथीदाराला तो गुंड म्हणून पक्का आठवतो. आठवत नाही फक्त त्याला. तरी जुना हिशेब त्यानेच चुकवायचा.

दुसरी चूक घाईची. १९४२ च्या 'स्ट्रीट ऑफ चान्स'बद्दल नवशिके सरसकट लिहितात, "अपघातात नायकाची स्मृती जाते." अहो, उलट! वरून राडारोडा कोसळतो तेव्हा त्याला आपलं खरं नाव आठवतं. गायब झालंय ते मधलं वर्षभर, आणि त्या काळात दुसऱ्या नावाने वावरताना त्याच्यावर खुनाचा आळ आलेला आहे. पहिली दहा मिनिटं मोबाइल चाळत बघितलीत तर हे निसटणारच.

'डार्क पॅसेज' स्मृतिभ्रंशाच्या यादीत घालू नका. तिथे चेहरा बदलतो, स्मृती शाबूत असते. 'स्पेलबाउंड' बघून मानसोपचार शिकू नका. चित्रकार दालीने रंगवलेली स्वप्नं डोळे भरून बघा, बास. 'द ब्लू डाहलिया'तल्या बझ या माजी सैनिकाला नुसता विक्षिप्त समजू नका. त्याच्या डोक्यात युद्धातली धातूची पट्टी आहे. खुनी तोच ठरायचा होता, पण माजी सैनिक खुनी दाखवण्याला अमेरिकी नौदलाने हरकत घेतली आणि पटकथाकार रेमंड चँडलरला शेवट बदलावा लागला. महायुद्ध बाजूला ठेवून हे सिनेमे बघणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

माझी एक सवय आहे. वहीत दोन रकाने आखतो: नायकाला स्वतःला काय आठवलं, आणि इतरांनी त्याला काय सांगितलं. १९४६ च्या 'समव्हेअर इन द नाइट'ला बराच वेळ पहिला रकाना कोराच होता. दुसऱ्यातली पहिली नोंद पाकिटातल्या पत्राची: एका बाईने त्याला लिहिलंय, तुझ्यावर प्रेम केल्याची मला लाज वाटते.